खाशाबांचं वजन किती होतं?

परवा गावाकडे जत्रेला जाऊन आलो. दरवर्षी जातोच. गुडघे कुरकुरतात, एस.टी.त चढताना कंडक्टर हात देतो, पण जत्रा चुकवायची नाही असा माझा जुना नेम आहे. पालखी, गुलाल, भेंडबत्तासे हे सगळं खरं, पण माझा जीव खरा अडकलेला असतो तो दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्यांच्या मैदानात. हलगी कडाडली की अजूनही अंगावर काटा येतो.

या वर्षी आमच्या घरातलाच एक मल्ल मैदानात उतरला होता. माझ्या पुतण्याचा मुलगा, म्हणजे माझा नातूच. वय वर्षं अकरा, वजन चौतीस किलो. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या, तेव्हा त्याने आपल्यापेक्षा टीचभर उंच पोराला असा काही पट काढून पाडला की शेजारचे म्हातारे उठून उभे राहिले. शंभर रुपये इनाम आणि एक टॉवेल. पोरगं मातीने माखलेलं तसंच धावत येऊन माझ्या पाया पडलं.

संध्याकाळी घरी जेवणं चालली असताना पुतण्याने जाहीर केलं, "तात्या, ह्येला आपन महाराष्ट्र केसरी करायचा बगा. वस्तादांनी सांगितलंय, पोरगं चपळ हाय, पन अंग धराय पायजे. आता खुराक वाढवायचा. दूध, तूप, बदाम, काय लागंल ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरगं खूष. मी विचारलं, "खाशाबा जाधवांचं वजन किती होतं?"

कुणालाच सांगता येईना. घरात पाच पदवीधर बसले होते. एक जण म्हणाला नव्वद. दुसरा म्हणाला, शंभर तरी असेल की, ऑलिम्पिकचं पदक काय उगाच मिळालं? गोळेश्वर आमच्या गावापासून फार लांब नाही, खाशाबांचा फोटो आमच्या ग्रामपंचायतीत लावलेला आहे. आणि त्या माणसाचं वजन आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही!

सत्तावन्न किलो. हेलसिंकीला ते उतरले तो बँटमवेट गट ५७ किलोचा होता.

मंडळी, आज त्याच्यावरच लिहायचं आहे. थोडं कडक लिहिणार आहे. पुतण्या हे वाचतो हे मला माहीत आहे, आणि रागावणार हेही माहीत आहे. रागाव बाबा, पण पूर्ण वाच.

खाशाबांबद्दल आपल्याला काय काय माहीत असतं ते आधी बघू. १५ जानेवारीला त्यांची जयंती. आता तो दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणं होतात. मी स्वतः सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांतून अशी पंचवीस-तीस भाषणं ठोकली आहेत, म्हणून मला त्यांचा साचा तोंडपाठ आहे. सरकारने पुरेसे पैसे दिले नाहीत. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावाने वर्गणी काढली. पदक घेऊन आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. माझे वडील त्या गर्दीत होते, ते मरेपर्यंत त्या गाड्यांचं वर्णन करायचे. मग पुढे उपेक्षा. पोलीस खात्यात नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू. जिवंतपणी पद्म पुरस्कार नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही गेल्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला नाव मिळालं ते २०१० साली.

हे सगळं खरं आहे. अन्याय झाला यात शंका नाही. पण माझं म्हणणं असं आहे की हा अन्याय सांगून सांगून आपण खाशाबांची कुस्ती विसरून गेलो. आपल्याला घर गहाण ठेवलेलं आठवतं, बैलगाड्या आठवतात, डोळे पाणावतात, टाळ्या पडतात. पण तो माणूस लढला कसा, कुणाशी, काय शिकला, कुठे कमी पडला, हे कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नाही. मास्तर असून सांगितलं नाही, याची मला आज लाज वाटते.

तर आता सांगतो.

१९२६ सालचा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले ते फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत. तोवर सगळी कुस्ती मातीतली. गादीवरची कुस्ती वेगळी, नियम वेगळे, गुण मोजण्याची पद्धत वेगळी. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. मातीत समोरच्याला चीत केल्याशिवाय निकाल नाही, तिकडे गुणांवर कुस्ती जाते. तिथे रीस गार्डनर नावाचे अमेरिकन प्रशिक्षक त्यांना लाभले. अशा परक्या गादीवर या पोराने सहावा नंबर काढला. आपल्या भाषणांत हे लंडन एका वाक्यात उरकलेलं असतं. मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट इथेच आहे. सहावा आलेला माणूस घरी येऊन रडत बसला नाही. चार वर्षं त्याने नव्या विद्येचा अभ्यास केला. अंगातली माती सोडली नाही आणि गादी आपलीशी केली. ढाक हा आपल्या मातीतला डाव, त्यावर त्यांची हुकमत होती. तोच डाव घेऊन ते हेलसिंकीला गेले.

या चार वर्षांत वजन किती वाढवलं? एक गट. ५२ चे ५७. पाच किलो! तेवीस-चोवीस वर्षांचं अंग भरतं तसं ते भरलं.

१९५२ च्या जुलैत हेलसिंकीला त्यांनी कॅनडाच्या पोलिक्विनला हरवलं, मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवलं, जर्मनीच्या श्मिट्झला हरवलं. मग जपानच्या शोहाची इशी याच्याशी हरले आणि सोव्हिएत युनियनच्या रशीद ममदबेयोवशी हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, आपल्या खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच स्पर्धेत आपल्या कोल्हापूरकडचेच केशव माणगावे ६२ किलोत चौथे आले, त्यांचं तर नावही कुणी घेत नाही. म्हणजे बघा, त्या एका आठवड्यात कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली दोन हलक्या वजनाची पोरं जगात तिसरी आणि चौथी होती!

आता त्या इशीकडे जरा बघू. हेलसिंकीत सगळ्या जपानला मिळून एकच सुवर्णपदक मिळालं होतं, ते याचं. देश युद्धात होरपळून निघालेला, खायची मारामार. त्यांनीही इशीची मिरवणूक काढली असेल. पण नंतर काय केलं? बारा वर्षांनी, १९६४ साली, तोक्योला ऑलिम्पिक झालं. जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदकं जिंकली. आणि पाचही फ्लाय, बँटम आणि फेदर या हलक्या गटांतली. एकही जाडजूड पैलवान नाही. ज्या दारातून इशी आत गेला ते दार त्यांनी सताड उघडं ठेवलं आणि मागून पोरं पाठवली.

आपण काय केलं? आपण खाशाबांचा फोटो लावला आणि दार लावून घेतलं.

हे मी रागाने बोलतो असं वाटेल, म्हणून हिशोबच मांडतो. भारताला आजवर ऑलिम्पिकच्या कुस्तीत आठ पदकं मिळाली. १९५२ ला खाशाबा, ५७ किलो. मग तब्बल छप्पन्न वर्षं काही नाही. २००८ आणि २०१२ ला सुशील कुमार, ६६ किलो. २०१२ ला योगेश्वर दत्त, ६० किलो. २०१६ ला साक्षी मलिक, ५८ किलो. २०२१ मध्ये झालेल्या तोक्योत रवी दहिया ५७ किलो आणि बजरंग पुनिया ६५ किलो. २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावत, पुन्हा ५७ किलो. आठच्या आठ पदकं ६६ किलोच्या आत! त्यातली तीन तर खाशाबांच्याच गटात. आणि पहिलं सोडलं तर बाकी सगळी हरियाणा-दिल्लीकडे गेली. खाशाबांची गादी हरियाणा-दिल्लीने चालवली, आणि आपण इथे १५ जानेवारीला नारळ फोडत बसलो.

आता आपली मैदानं बघा. महाराष्ट्र केसरीचा किताब कुणासाठी? ८६ ते १२५ किलोच्या पैलवानांसाठी. ऑलिम्पिकमध्ये आता पुरुषांचे फ्रीस्टाइलचे सहा गट आहेत, ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. यातले खालचे तीन गट आपल्या सगळ्यात मोठ्या किताबाच्या दारातही उभे राहू शकत नाहीत. खुद्द खाशाबा आज हयात असते आणि ऐन भरात असते, तरी त्यांना चांदीच्या गदेसाठी लढताच आलं नसतं. हसू नका, खरंच आलं नसतं.

कुणी म्हणेल, अहो तात्या, त्याच अधिवेशनात हलक्या वजनांच्याही कुस्त्या होतात की. होतात ना! २०२२ साली आपल्या साताऱ्यातच अधिवेशन झालं, शाहू स्टेडियम गच्च भरलं होतं. केसरी कोण झाला? कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील, शेंबडं पोरही सांगेल. त्याच मैदानात ५७ किलोचा विजेता कोण? सांगा बरं. मीही सांगू शकत नाही, आणि मी मैदान न चुकवणारा माणूस आहे. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. ऊर भरून आला. पण तिच्याखालच्या वजनांत जिंकलेल्या पोरींची नावं आपल्यापैकी किती जणांनी वाचली? हलकी कुस्ती म्हणजे गर्दी जमेपर्यंत वेळ काढायची सोय, असा आपला समज आहे. गावच्या जत्रेत तर विचारूच नका. उन्हाच्या कारात हलक्या पोरांच्या कुस्त्या उरकायच्या, दोनशे-पाचशे हातावर टेकवायचे, आणि दिवस मावळताना लाखाच्या इनामाची एक नंबरची कुस्ती. तीत दोन डोंगर वीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून खडाखडी करणार, लोक शिट्ट्या मारणार, शेवटी बरोबरीत सुटणार. दुपारच्या त्या पोरांनी पाच मिनिटांत ढाक, कलाजंग, एकलंगी सगळं दाखवलेलं असतं. पण ते बघायला पंचकमिटीसुद्धा हजर नसते, ती मंडपात पाहुण्यांचे फेटे बांधत असते.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकतर्फी बोलतो.

पहिली गोष्ट, जड पैलवानांनी काहीच केलं नाही का? केलं. आपल्या सांगली जिल्ह्यानेच केलं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवलं. शिराळ्याकडच्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोघेही हिंद केसरी, दोघेही आडव्या-उभ्या अंगाचे. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण ती अंगं देवाने तशी दिली होती. ज्याची काठी तशी आहे त्याने जरूर जड गटात लढावं. माझी तक्रार आहे ती पन्नास किलोच्या हाडाला शंभर किलोचं मांस लटकवण्याबद्दल.

दुसरी गोष्ट, लोकांना मोठे पैलवानच बघायला आवडतात. आवडतात, कारण आपण तेच संध्याकाळी दाखवतो. पॅरिसला अमनची कुस्ती होती तेव्हा आमच्या आळीतले सगळे टीव्हीपुढे होते. कुणीही म्हणालं नाही की पोरगं बारीक आहे, बंद करा.

तिसरी गोष्ट खरी अडचणीची आहे, आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पैसा. गरिबाच्या पोराला जत्रेतल्या इनामावरच खुराक भागवायचा असतो, आणि इनाम जड कुस्तीलाच असतं. मग वस्ताद तरी काय सांगणार? अंग धर, बाबा. वस्तादांना दोष देऊन उपयोग नाही. इनाम कोण ठरवतं? जत्रा कमिटी. कमिटीत कोण असतं? आपणच. तेव्हा उत्तर आपल्याच खिशात आहे.

आता मी जे कधी कुणाला सांगितलं नाही ते सांगतो.

पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मी मास्तर होतो. नाव सांगत नाही. नववीत एक मुलगा होता, धनगराच्या घरचा. वजन पन्नासच्या आसपास. माझ्या उभ्या जन्मात मी इतका चपळ मल्ल पाहिला नाही. समोरच्याचा हात मानेवर पडतो न पडतो तोच हा खालून सुटून पाठीवर. पंचक्रोशीत त्याच्या वजनात जोड मिळेना. गावाला वाटलं, हा मोठा होणार. मोठा म्हणजे काय, तर जाड. मी शाळेत सभा घेतली आणि त्याच्या खुराकासाठी वर्गणी जमवली. पहिले पन्नास रुपये माझे. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे माझ्या पगाराला भोकच होतं, पण मला केवढा अभिमान! आपण दुसरे खर्डेकर, असंच मला वाटत होतं.

तीन वर्षांत पोरगं पंच्याऐंशी किलोचं झालं. चपळाई गेली. जी कुस्ती त्याची होती ती त्याच्या अंगाने विसरून टाकली, आणि जी जड कुस्ती शिकायची होती तेवढी ताकद त्या हाडांत नव्हतीच. एकोणिसाव्या वर्षी गुडघा निकामी झाला. तालीम सुटली, पण भूक सुटली नाही. पुढे पोट, पुढे साखर. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला, काठी घेऊन चालत होता. मला बघून वाकायला लागला तर वाकता येईना. म्हणाला, "सर, तुमी लय केलंत माज्यासाठी."

त्याच्या त्या वाक्याने मला झोप लागली नाही. मी केलं खरंच, पण काय केलं? घरात ५७ किलोचा खाशाबा होता, आणि मी वर्गणी काढून त्याचा नव्वदीचा पैलवान करायला निघालो. एकदा तरी मी खाशाबांचं वजन शोधायला हवं होतं. भाषणं देत होतो की दरवर्षी!

म्हणून सांगतो, खाशाबांना मोठा पुरस्कार द्या म्हणून ज्यांना मागणी करायची त्यांनी खुशाल करावी, माझी सही आहेच. पण दिल्लीने खाशाबांवर केलेला अन्याय एकदाच झाला. आपण तो दर जत्रेत, दर दुपारी, रिकाम्या मैदानात नव्याने करतो. त्याबद्दल कुणी निवेदन देत नाही.

मला काय हवं आहे? फार नाही. जत्रेच्या इनामातला निम्मा पैसा ६५ किलोच्या आतल्या कुस्त्यांना ठेवा. त्यातली एक तरी कुस्ती संध्याकाळी, गर्दी भरल्यावर लावा. काटा आणून वजन करूनच जोड लावा, नुसत्या नजरेने नको. बातमी देताना हलक्या वजनाच्या विजेत्याचं नाव आणि गाव छापा. आणि १५ जानेवारीला भाषणाऐवजी शाळेच्या पटांगणात हलक्या वजनाच्या पोरापोरींच्या कुस्त्या लावा. मी येईन, पुढे बसेन, एक शब्द बोलणार नाही.

पुढच्या जत्रेला ५७ किलोच्या एका कुस्तीसाठी माझ्या पेन्शनमधून पाच हजार एक रुपये इनाम मी कमिटीकडे जमा करतो आहे. अट एकच, कुस्ती दिवस मावळताना लागली पाहिजे. आणखी कुणाला भर घालायची असेल त्याने घालावी.

आणि पुतण्या, तुला एकच. पोराला दूध दे, तूप दे, घरचं सगळं दे. त्याचं अंग वाढेल तेवढं वाढू दे, पण ओढून वाढवू नकोस. त्याला गादीवरची कुस्ती शिकायला घाल, त्याचा एस.टी.चा खर्च माझा. तो चौतीस किलोचा आहे तोवर त्याला चौतीस किलोचा पैलवान असू दे. पुढच्या वेळी घरात कुणी विचारलं की खाशाबांचं वजन किती, तर पहिलं उत्तर त्याने द्यावं एवढी माझी इच्छा आहे.

असो. बरंच लांबलं. मास्तरकीची खोड जात नाही. पटलं तर बघा, नाही पटलं तर जत्रेत भेटू, तिथे भांडू.